घडी मोडलेला कॉम्प्युटर

मल्लेश्वरममधली वरची खोली दाखवताना घरमालकांनी मला पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही, मासे खाते का तेही विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "खिडकी रोज उघडणार काय?"

मी नुकतीच पुण्याहून आले होते. हातात सॉफ्टवेअरमधली नोकरी होती आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. म्हटलं, "उघडेन की."

"रोज?"

"रोज."

"सरी. मग राहा."

पुढे कळलं की ती खिडकी सागवानी होती. मोठा खर्च करून बसवलेली. आधीच्या भाडेकरूने धुळीच्या भीतीने ती बंदच ठेवली होती, आणि त्यामुळे घरमालकांच्या मते ती फार महाग पडली होती. म्हणून त्यांनी त्याला काढलं होतं. मी रोज उघडायला लागले तशी ती स्वस्त होत गेली. सकाळी खालून हाक यायची, "पुणेकर, उघडली काय?" मी हो म्हटलं की ते समाधानाने दात घासायला जायचे.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांच्या बायको अक्का. चिकपेटेत अण्णांचं साड्यांचं घाऊक दुकान होतं. घराणं तीन पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलेलं; मराठी घरात, कानडी दारात, आणि उंबऱ्यावर दोन्ही. त्यांचं मराठी ऐकताना पहिले काही दिवस मला वाटायचं की एखादा ओळखीचा माणूस नव्या कपड्यांत समोर आलाय.

अण्णांच्या आयुष्यात तत्त्वज्ञान एकच होतं आणि ते साडीतून आलेलं होतं. "साडीची किंमत दुकानात ठरत नाही, मुली. घडी किती वेळा मोडली त्यावर ठरते. रोज नेसायचं सुती लुगडं स्वस्त. चार लग्नांत मिरवून कपाटात गेलेला शालू महाग. मी जन्मभर महाग माल विकला, मला माहीत आहे."

हे तत्त्वज्ञान ते जगत होते, हीच घरच्यांची अडचण होती. लग्नात शिवलेला रेशमी अस्तराचा काळा कोट घालून ते आठव्या क्रॉसच्या बाजारात भाजी आणायला जात. कोटाला भरपूर पैसे पडले होते, तेव्हा तो वसूल व्हायला नको? उन्हाळ्यात वांगी निवडताना त्यांच्या कपाळावरून घाम ओघळायचा. बाजारातल्या नव्या माणसाला वाटायचं, आजोबा कुणाच्या तरी लग्नाला निघालेत आणि वाट चुकलेत. अक्का रस्त्याच्या पलीकडून चालायच्या. मला म्हणाल्या, "यांना ओळखत नाही असा चेहरा करायला मी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच शिकले."

कंजूष म्हणावं, तर तसे ते नव्हते. घरात फोन होता. दुसरा कुणी असता तर कुलूप लावून ठेवला असता. अण्णांनी उलट आपला नंबर अख्ख्या गल्लीला वाटला होता. भाडं तेवढंच पडतं, मग घंटी वाजेल तितकी ती स्वस्त! पुण्याहून माझ्या आईचा फोन आला की ते लुंगी सावरत जिन्याखाली येऊन ओरडायचे, आणि मी बोलत असताना शेजारी उभे राहायचे. आई लवकर फोन ठेवायला लागली तर मला खुणेने सांगायचे, "अजून बोल, अजून बोल. तिकडचा पाऊस विचार."

माझ्या नोकरीबद्दल त्यांना फार कुतूहल होतं. एकदा मी समजावून सांगितलं की आमचं काम अमेरिकेतल्या एका बँकेचं आहे. पूर्वी कॉम्प्युटरमध्ये जागा महाग होती, म्हणून त्यांनी वर्ष लिहिताना पहिले दोन आकडे गाळले होते. आता दोन हजार साल येतंय, तर गाळलेले आकडे परत घालायला आम्हाला बसवलंय.

अण्णांनी बोटांवर दोन आकडे मोजले. मग म्हणाले, "म्हणजे दोन आकड्यांची काटकसर केली, आणि ती निस्तरायला आता माणसं ठेवली?"

"हो."

"किती माणसं?"

"आमच्या एका मजल्यावरच दोनशे."

"अबब," अण्णा म्हणाले, आणि आत जाऊन अक्कांना सांगून आले.

ते दिवसच तसे होते. मल्लेश्वरममध्ये घरोघरी कॉम्प्युटर येत होते, आणि कॉम्प्युटर येणं म्हणजे घरात गणपती बसण्यासारखं होतं. शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहायचे. त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीत एसी बसवला. त्यांची आई बाहेर हॉलमध्ये पुठ्ठ्याने वारा घेत झोपायची. चपला दाराबाहेर. मॉनिटरवर क्रोशाचं झाकण, कीबोर्डवर प्लॅस्टिकचं, सगळ्यावर मिळून एक चादर. दसऱ्याच्या आयुधपूजेला त्यांनी त्याला झेंडूची माळ घातली. कुंकू लावताना थोडं फ्लॉपीच्या फटीत सांडलं, आणि पुढचा महिनाभर तो दुरुस्तीला होता.

अण्णा तो बघायला गेले, मलाही नेलं. चादर, झाकणं आणि प्लॅस्टिक उतरल्यावर त्यांनी विचारलं, "यावर करता काय?"

"रविवारी मुलं पत्ते खेळतात," इंजिनिअर अभिमानाने म्हणाले.

"चिकपेटेत कॅट दहा रुपयांना मिळतो," अण्णा म्हणाले. "आणि चौघांना खेळता येतं."

यानंतर काही दिवस दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

अण्णांची एकुलती एक मुलगी वीणा. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी, शांत, जाड चष्म्याची. तो चष्मा साड्यांच्या काठांनी लावला होता. काठावरची नक्षी विणकराला देण्याआधी चौकटींच्या कागदावर उतरवावी लागते. एक चौकट म्हणजे एक धागा. वीणा दुपारभर दिवाणखान्यात पालथी पडून बारीक ब्रशने चौकटी भरत बसायची. एक चूक झाली की खोडायचं, जास्त खोडलं की कागद फाटायचा, फाटला की पुन्हा पहिल्यापासून. अण्णा तिचे काठ दुकानात वापरत, पण त्याला काम म्हणत नसत. "पोरीचा हात चांगला आहे," एवढंच म्हणत.

वीणाचं लग्न जमत नव्हतं. कुणाला चष्मा खटकायचा, कुणाला रंग, कुणाला तिचं वय. शेवटी राजाजीनगरचं एक मराठी घर पुढे आलं. मुलगा इंजिनिअर, चेहऱ्याने गरीब. वडील मात्र बोलके.

"हुंडाबिंडा आम्ही मानत नाही," ते पहिल्याच बैठकीत म्हणाले. अक्कांचे डोळे भरून आले. "दागिने तुमची हौस. भांडीकुंडी आमच्याकडे ठेवायला जागा नाही. फक्त मुलाला एक कॉम्प्युटर द्या. रंगीत. तोही काय, शेवटी तुमच्याच मुलीच्या घरात राहणार."

ती मंडळी गेल्यावर अण्णा म्हणाले, "आधी बघून येतो." दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन कॉम्प्युटरच्या एका काचबंद दुकानात गेले. विकणारा टाय लावलेला तरुण नागपूरचा निघाला. मराठी ऐकून तो इतका खूश झाला की त्याने आम्हाला दोन-दोनदा चहा पाजला.

"याचा उपयोग काय?" अण्णांनी विचारलं.

"सगळंच होते याच्यात, काका."

"सगळं म्हणजे काही नाही. एक सांग."

"पत्र लिहिता येते."

"पोस्टकार्ड आहे."

"हिशोब होते."

"डोकं आहे."

"गेम..." तो म्हणाला, आणि अण्णांचा चेहरा बघून थांबला.

"सरी. पुढच्या वर्षी हा कितीला पडेल?"

पोरगा प्रामाणिक होता. "पुढच्या वर्षी हा भेटणारच नाही, काका. याच्या दुप्पट ताकदीचा येते. आणि तोही स्वस्त."

 जन्मभर अण्णांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, 'आत्ताच घ्या, पुढच्या वर्षी भाव चढणार.' आणि इथे एक माणूस उघड सांगत होता की थांबलात तर चांगला मिळेल आणि कमी पैशात मिळेल. तरीही त्याच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. बाहेर आल्यावर ते काही वेळ दुकानाच्या पाटीकडे बघत राहिले. "याला धंदा म्हणतात, पुणेकर," ते म्हणाले. आवाजात भक्तीच होती.

घरी येऊन मात्र ते म्हणाले, असला माल आपण घ्यायचा नाही. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "साडी आणायला नाही गेलात तुम्ही. मुलीचं लग्न आहे." अण्णांनी कॉम्प्युटर घेतला. त्या पैशांत तेव्हा एक स्कूटर येऊन वर अक्कांच्या बांगड्या झाल्या असत्या.

खोकी घरात आली आणि त्याच आठवड्यात मुलाला कंपनीने अचानक अमेरिकेला पाठवलं. लग्न चार महिने पुढे गेलं. खोकी दिवाणखान्यात भिंतीशी रचून ठेवली.

अण्णांची भूक गेली. जेवताना त्यांची नजर खोक्यांकडे जायची. नागपूरकराचे शब्द त्यांच्या कानात होते. समोर एक वस्तू दिवसेंदिवस शिळी होत होती आणि तिची घडीसुद्धा कुणी मोडली नव्हती. घरात आजारी माणूस असावं तसं ते खोक्यांजवळून जाताना पाय न वाजवता जायचे.

एका रविवारी सकाळी त्यांनी दुकानातली कापड कापायची कात्री आणली आणि खोकी फोडली.

"अहो, ते त्यांचं आहे!" अक्का ओरडल्या.

"लग्न होईपर्यंत माझं आहे. पुणेकर, खाली ये. हे जोड."

मी जोडलं. मग अण्णांनी फोनचं केलं तेच याचं केलं. अख्ख्या गल्लीला सांगून आले. शाळेतली पोरं आली, पत्रिका करणारे ज्योतिषी आले, कोपऱ्यावरचा दूधवाला आला आणि त्याने आपलं नाव मोठ्या अक्षरांत पडद्यावर बघून हात जोडले. चपला काढायची सक्ती नव्हती. शेजारचे इंजिनिअर दारात उभं राहून "धूळ, धूळ!" म्हणत होते. अण्णांनी त्यांना आत बोलावून पत्ते खेळायला बसवलं, तेव्हा अबोला संपला.

वीणा मात्र कुणी नसताना बसायची. मी तिला चित्रं काढायचा प्रोग्राम दाखवला होता. चित्र मोठं करून पाहिलं की पडद्यावर चौकटी दिसतात, हे तिला दिसलं आणि तिने चष्मा काढून पुसला.

"हा माझाच कागद आहे की," ती म्हणाली.

एक कुयरी काढली की तिच्या वीस करता येत होत्या. चूक खोडली तर खोडल्याची खूणही राहत नव्हती. कागद फाटत नव्हता. पहिल्या दिवशी तिने पुन्हा पुन्हा काढायचं आणि पुसायचं, एवढंच केलं. मी ऑफिसातून आले तरी ती तिथेच होती आणि तिच्या गालावर लाली होती. अण्णा मागे उभं राहून बघायचे. "चल, स्वस्त होतोय," म्हणायचे, आणि आवाज न करता बाहेर जायचे.

मुलगा परत आला. बातमी त्याच्या आधी राजाजीनगरला पोचली होती. बाप-लेक दोघे आले. चहा घ्यायच्या आधीच वडील म्हणाले, "ऐकलं ते खरं का? आमचा कॉम्प्युटर दूधवाल्याने वापरला?"

"उत्तम चालतो," अण्णा म्हणाले. "सगळं तपासून झालंय."

"अहो, तुम्ही साड्यांचे व्यापारी. सुनेच्या ओटीत घडी मोडलेली साडी घालतात का? आम्हाला सीलबंद हवा. नवा."

अण्णांचंच वाक्य उलटं फिरून त्यांच्यावर आलं होतं. त्यांनी मुलाकडे वळून विचारलं, "तू रोज किती वेळ बसणार यावर?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "ऑफिसात दिवसभर तोच समोर असतो. घरी आल्यावर बघवतही नाही."

"मग कशाला पाहिजे?"

"लागतो असं नाही. पण घरी असावा, असं बाबांना वाटतं."

आतल्या दारातून वीणा म्हणाली, "मग मी वापरेन. काठ काढायला."

मुलाचे वडील मोकळेपणाने हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही सांगेन. "बाळ, आमच्याकडे आल्यावर काठ कशाला काढायचे? आमच्या घरच्या बायकांना काही करावं लागत नाही. नुसतं बसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा अण्णा पैशांची पिशवी काखेत धरून चपला शोधत होते. हे सांगताना मला अजून अवघड वाटतं. खिडकी न उघडणाऱ्या भाडेकरूला घराबाहेर काढणारा हा माणूस दुसरा कॉम्प्युटर आणायला निघाला होता. खोक्यात ठेवण्यासाठी.

"अण्णा, कुठे?" वीणाने विचारलं.

"दुकानात. सीलबंद आणतो. हा तू ठेव."

"आणि तो तिकडे खोक्यात राहणार?"

"राहू दे ना, तुला काय?"

"मी पण तिथेच राहणार ना? नुसती बसून?"

तिचा आवाज चढला नव्हता. काठातल्या चुकीची चौकट दाखवावी तसं तिने सांगितलं. अक्का मागून म्हणाल्या, "वीणा, वय बघ आपलं, असं बोलू नको."  अण्णा पायरीवर बसले. एक चप्पल पायात, एक हातात. मी जिन्यात उभी, खाली यावं की वर जावं मला कळेना.

मग हातातली चप्पलही पायात घालून ते म्हणाले, "पुणेकर, ऑटो थांबव." मला वाटलं, दुकानातच निघाले. पिशवी त्यांनी वीणाच्या हातात दिली आणि ऑटोवाल्याला सांगितलं, "राजाजीनगर."

तिथे काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुपारी परत आले आणि अक्कांना म्हणाले, "नाही म्हणून आलो." अक्कांनी त्यांना ताट वाढलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

लोक मात्र खूप बोलले. 'कॉम्प्युटरपायी मुलीचं लग्न मोडलं' हे वाक्य शहराच्या दुसऱ्या टोकाला बसवनगुडीपर्यंत गेलं. समाचाराला बायका आल्या, आणि जाताना कॉम्प्युटर बघून गेल्या. राजाजीनगरच्या मुलाला दुसऱ्या घरातून सीलबंद कॉम्प्युटर मिळाला. अक्कांच्या मावसबहिणीने तो पाहिला. त्यावर भरतकामाचं झाकण आहे आणि झाकणावर प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ आहे, असं तिने सांगितलं.

वीणाचा पडद्यावरचा पहिला काठ विणकराने परत पाठवला. कुयरीची वळणं जिन्याच्या पायऱ्यांसारखी आली होती. तिने महिनाभर डोकं घालून ती सुधारली. दुसरा काठ अण्णांच्या दुकानात खपला. तिसऱ्याच्या वेळी शेजारच्या दुकानदाराने विचारलं, हे काठ कोण काढतं? अण्णांनी मुलीचं नाव सांगितलं आणि मजुरीही सांगितली. वर्षभराने नागपूरकराचं भाकीत खरं ठरलं. दुप्पट ताकदीचे नवे आले, आणि हे मशीन रखडायला लागलं. अण्णा त्या पोराला चार शब्द सुनावायला म्हणून गेले आणि मेमरी वाढवून घेऊन परत आले.

पुढे वीणाचं लग्न झालं का, असं मला पुण्यात सगळे विचारतात. तिच्या काठांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. दोन्हीचं बरं झालं.

मला ते घर आठवतं ते मात्र अक्कांच्या अबोल्याच्या दिवसांतलं. सुट्टीची दुपार होती. वीणा पडद्यासमोर बसली होती, मी शेजारी. अक्का त्या खोलीत पाऊल टाकत नसत. त्या दिवशी दारात आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि कुणाकडे न बघता म्हणाल्या, "यात मोर येतो काय?"

"येतो की. कसा हवा?"

अक्का आत येऊन स्टुलावर बसल्या. त्यांच्या आईचं बेळगावकडचं एक लुगडं होतं. काठावर मोरांची रांग, आणि सगळे मोर मान वळवून मागे बघणारे. आई गेल्यावर लुगडं विरून गेलं होतं. घरात त्याचा फोटोसुद्धा नव्हता.

वीणा काढायला लागली. "मान अजून मागे. स्वल्प. नाही ग, एवढी नाही, मोडेल बिचाऱ्याची. तुरा लहान. पाय नव्हतेच दिसत, पिसाऱ्यात गेलेले." वीणा खोडत होती, काढत होती. अक्का डोळे मिटून आठवायच्या आणि उघडून बघायच्या. मग एका मोराशी त्या गप्प झाल्या. वीणाने त्याचे पुष्कळ मोर केले आणि रांग लावली.

अक्का उठल्या. साडीची जर तपासताना बोट फिरवतात तसं त्यांनी काचेवरून बोट फिरवायला घेतलं. तेव्हाच्या पडद्यांच्या काचेत वीज साचलेली असायची. चट् आवाज झाला. त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"चावतंय ग!" त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होतं. मग त्यांनी पुन्हा हात पुढे केला आणि अख्खा तळवा मोरांवर ठेवला.

हसणं ऐकून अण्णा दारात आले. अक्कांचा हात काचेवरच होता. त्या मागे न वळता म्हणाल्या, "या. बघा, माझ्या आईचा काठ."

अण्णा आत आले. स्टूल एकच होतं, म्हणून अक्कांच्या पायाशी जमिनीवर बसले.